परदेशात चाललाय? मग दोस्तांशी फालतू बोलायची सोय आधी करून ठेवा

गोव्यात डिचोलीला आमच्या वाड्यावरनं दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी निघतंच. कोणी दुबई, कोणी कुवेत, कोणी शिपवर, आणि आता पोरं शिकायला म्हणून कॅनडा-जर्मनीला पण जायला लागलीयत. निघायच्या आधी भेटायला येतात आणि विचारतात, बॅगेत काय भरू, दिरहम किती नेऊ, थंडीला कसला जॅकेट घेऊ. मी सहा वर्षं दुबईत काढून आलो म्हणून माझ्याकडे येतात, आणि मी पण जॅकेटबिकेटचं सांगून मोकळा होतो. पण खरं सांगायचं तर जॅकेट तिथे मिळतं. दोस्त मिळायला वेळ लागतो, आणि जे इथे आहेत ते वर्षभरात कधी हातातनं गेले ते कळत पण नाही. म्हणून एकदाच सगळं नीट लिहून टाकतो, पुढच्या वेळी कोणी आलं की हेच वाचायला देईन.

आधी माझं थोडं, म्हणजे कुठल्या अनुभवावर बोलतोय ते कळेल. मी खाणीवर वजनकाट्यावर होतो. २०१२ ला खाणी बंद पडल्या, मग थोड्या सुरू झाल्या, मग २०१८ च्या मार्चमध्ये सुप्रीम कोर्टाच्या निकालाने परत बंद, आणि डिचोली-सत्तरीतल्या अर्ध्या घरांची चूल खाणीच्याच ट्रकांवर चालत होती हे तुम्हाला सांगायला नको. मी त्याच वर्षी दुबईला गेलो, जेबेल अलीच्या एका गोदामात स्टोअरकीपर म्हणून. आमची पाच जणांची गँग शाळेपासूनची. एकाचा टिपर होता, म्हणजे खनिज वाहायचा ट्रक, तो इथेच राहिला, टिपर फणसाखाली उभा. एक आजोबांच्या जन्मदाखल्यावर पोर्तुगीज पासपोर्ट काढून ब्रेक्झिटच्या आधीच इंग्लंडात स्विंडनला पोचला. एक पोरगी शिकायला टोरांटोला. एक क्रूझच्या किचनमध्ये. नावं घालत नाही, नाहीतर शिव्या मला पडतील. टिपरवाला, स्विंडनवाला, टोरांटोवाली, शिपवाला असंच लिहितो.

निघण्याआधी: नंबराचं आधी बघा

सगळ्यात कंटाळवाणं काम आहे म्हणून सगळ्यात आधी. तुमचा इथला नंबर हाच तुमच्या सगळ्या ओळखींचा धागा आहे, बँकेचा ओटीपी पण त्याच्यावरच, आणि लोक काय करतात, सिमकार्ड काढून आईच्या कपाटात ठेवून जातात. ९० दिवस त्या सिमवर काहीच झालं नाही, कॉल नाही, एसएमएस नाही, डेटा नाही, रिचार्ज नाही, की कंपनी नंबर बंद करू शकते, आणि बंद झालेला नंबर पुढच्या ९० दिवसांनंतर दुसऱ्या कोणालातरी मिळतो.

स्विंडनवाल्याचं हेच झालं. तिथलं सिम घातलं, व्हॉट्सॲप मात्र गोव्याच्याच नंबरावर चालू, कारण व्हॉट्सॲपला तुमच्या फोनमध्ये कुठलं सिम आहे त्याच्याशी देणंघेणं नव्हतं. मजेत वर्षभर चाललं. एक दिवस सकाळी उठला तर व्हॉट्सॲप लॉगआउट. त्याचा नंबर एका अनोळखी माणसाला मिळालेला, आणि त्या बिचाऱ्याने आपला नवा नंबर म्हणून त्याच्यावर व्हॉट्सॲप सुरू केलं. आमच्या ग्रुपवर अचानक एका बाईकचा डीपी दिसायला लागला. टिपरवाल्याने त्याला 'कितें रे, बाईक घेतली मरे?' असं विचारलं पण. दोन दिवस आम्ही त्या अनोळखी माणसाशी बोलत होतो, तो पण हो हो म्हणत होता.

तर करायचं काय: इंटरनॅशनल रोमिंग इथे असतानाच सुरू करून घ्या, तिथे गेल्यावर कस्टमर केअरशी भांडत बसू नका. सिम फोनमध्येच ठेवा, ड्युअल सिमवाला नाहीतर ई-सिमवाला फोन असला तर तिथलं एक, इथलं एक. रिचार्ज संपायच्या दोन दिवस आधीची आठवण फोनवर लावा आणि रिचार्ज करायची जबाबदारी घरच्या एका माणसाला पण देऊन ठेवा. व्हॉट्सॲपवर टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा पिन लावा आणि ईमेल जोडा. इथला नंबर सोडायचाच असेल तर व्हॉट्सॲपमध्ये 'चेंज नंबर' आहे, त्याने चॅट आणि ग्रुप नव्या नंबरावर येतात आणि कॉन्टॅक्टना कळवता पण येतं, फक्त ते जुना नंबर जिवंत असेपर्यंत करा.

आणि एक वही घ्या. हसू नका. फोन हरवला की कोणाचाच नंबर पाठ नसतो. सात-आठ जणांचे नंबर, त्यांच्या घरच्या एका माणसाचा नंबर, वाढदिवस, आणि पिनकोडसकट पत्ता. आपल्याकडे 'देवळाकडे, वडाच्या मागे' हा पत्ता चालतो, कुरिअरला नाही चालत.

सात-आठच का? कारण तीनशे जणांशी संपर्क ठेवणार म्हणून निघालेला माणूस सहा महिन्यांत एकाशी पण बोलत नाही. कोणाशिवाय चालणार नाही ते प्रामाणिकपणे ठरवा. बाकीच्यांना चवथीच्या (म्हणजे गणेश चतुर्थीच्या) आणि दिवाळीच्या शुभेच्छा पुरतात, त्यांना पण आणि तुम्हाला पण.

पोचल्यावर पहिला महिना

पहिल्या आठवड्यात सगळ्यांचे फोन येतात, रूम दाखव, बाहेर काय दिसतं दाखव, खातोस काय. तुम्हाला वाटतं हे असंच राहणार. तिसऱ्या आठवड्यापासून कमी होतं आणि दोन महिन्यांनी एकदम शांत, आणि त्याच वेळी तुम्हाला सगळ्यात जास्त गरज असते कारण नवेपणा संपलेला असतो आणि रूमवर आठ जण असूनसुद्धा बोलायला कोणी नसतं. कोणी विसरलं असं नाही ते. त्यांचा दिवस तसाच चाललाय, सकाळी कामाला, संध्याकाळी तिंट्यावर, म्हणजे बाजारात नाक्यावर, फक्त तुम्ही तिथे नाही. हे आधीच माहीत असलं की मनाला कमी लागतं.

गल्फला जाणाऱ्यांना एक महत्त्वाचं: यूएईमध्ये व्हॉट्सॲपवर मेसेज, फोटो, व्हॉइस नोट सगळं जातं पण व्हॉट्सॲप कॉल लागत नाही, ना ऑडिओ ना व्हिडिओ. तिथे परवानगी असलेली ॲप्स वेगळी, बोटिम सगळ्यात जास्त चालतं, मी होतो तेव्हा त्याचं महिन्याचं पॅकेज घ्यावं लागायचं. कोविडमध्ये झूम आणि टीम्स पण सुरू झालं. इथल्या दोस्तांच्या फोनमध्ये ते ॲप निघायच्या आधी तुम्ही स्वतः घालून द्या, एकदा कॉल लावून बघा, नाहीतर 'उद्या घालतो रे' म्हणत वर्ष जातं. कोणीतरी रूममेट सांगेल व्हीपीएन लाव, सगळे लावतात. लावू नका. तिथला कायदा त्या बाबतीत कडक आहे आणि दंड ऐकलात तर घर विकावं लागेल.

आणि मुद्द्याची गोष्ट इथनंच सुरू होते. पहिल्या महिन्यात सवय लावा ती किरकोळ बोलण्याची. आपण तिंट्यावर बसून काय बोलायचो आठवा. अमक्याने बाईक विकली, मासे महागले, आज पावात पाव नव्हता नुसती हवा होती. त्याच्यात बातमी म्हणून एक नव्हती. परदेशात गेलं की माणूस बातमीची वाट बघतो, काही सांगण्यासारखं झालं की फोन करीन म्हणतो, आणि सांगण्यासारखं असं महिन्यातनं एकदा होतं, मग ते पण 'मोठं बोलायचं आहे, निवांत बोलू' म्हणून पुढे जातं, आणि मग इतके दिवस केला नाही म्हणून करायची लाज वाटते. माझं पहिलं वर्ष असंच गेलं. टिपरवाल्याला मी चार महिने फोन केला नाही आणि कारण काहीच नव्हतं.

सुटलो ते एका फोटोमुळे. गोदामात एका खोक्यावर कोणीतरी मार्करने डिचोलीच्या जवळपास जाणारं काहीतरी चुकीचं स्पेलिंग लिहिलेलं, कुठल्यातरी गावाचं नाव असणार. मी फोटो काढून नुसता पाठवला, खाली काही लिहिलं नाही. त्याने दहा मिनिटांत उत्तर म्हणून फणसाखालच्या टिपरचा फोटो पाठवला, बोनेटवर कोंबडी बसलेली. बस. त्या दिवसापासून आमचं सुरू झालं. 'कसो आसा' कोणी विचारत नाही, कारण त्याचं उत्तर 'बरो आसा' एवढंच असतं आणि तिथे गाडी थांबते. कोंबडीला मात्र उत्तर देता येतं.

व्हॉइस नोट एक मिनिटाच्या आत. आमच्या टोरांटोवालीची नोट नऊ मिनिटांची यायची, बर्फातनं चालत चालत, धापा टाकत, बॅकग्राउंडला ट्राम. आम्ही दुप्पट स्पीडवर ऐकायचो आणि तरी उत्तर कशाकशाचं द्यायचं ते कळायचं नाही म्हणून कोणीच द्यायचं नाही. एका नोटमध्ये एकच गोष्ट. नऊ मिनिटांचं सांगायचं असेल तर फोन करा.

घड्याळाचं गणित

हे नीट समजून घ्या, भांडणं इथनंच होतात. गोव्यात रात्रीचे ९ वाजले की दुबई-मस्कतला संध्याकाळचे साडेसात, कुवेत-कतार-बहारीनला साडेसहा. इंग्लंड आणि लिस्बनला उन्हाळ्यात साडेचार, हिवाळ्यात साडेतीन. टोरांटोला उन्हाळ्यात सकाळचे साडेअकरा, हिवाळ्यात साडेदहा. आपलं घड्याळ कधी हलत नाही, गल्फचं पण नाही. इंग्लंडचं मार्चच्या शेवटच्या रविवारी पुढे जातं आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतं, कॅनडा-अमेरिकेचं मात्र मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे. म्हणजे मार्चमधले दोन-तीन आठवडे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमधला एक आठवडा सगळ्यांचाच हिशोब चुकतो. टोरांटोवाली एकदा एक तास आधी येऊन एकटीच स्क्रीनसमोर बसली आणि नंतर दोन दिवस बोलली नाही. फोनच्या कॅलेंडरमध्ये सगळ्यांना जोडून कॉल घाला, ते आपोआप प्रत्येकाची वेळ दाखवतं. डोक्याने करू नका.

सुट्टीचा दिवस पण विचारून घ्या. यूएईत २०२२ पासून शनिवार-रविवार सुट्टी आणि शुक्रवारी अर्धा दिवस, त्याआधी शुक्रवार-शनिवार होती. कुवेत-ओमान-कतारला अजून शुक्रवार-शनिवारच. म्हणजे तुमचा रविवार हा कुवेतवाल्याचा सोमवार समजा. आणि गोदामात, हॉटेलात, शिपवर काम करणाऱ्याला तर कुठलीच ठरलेली सुट्टी नसते, त्याचं ड्युटीचं टाइमटेबल दर आठवड्याला मागून घ्यायचं. शिपवाल्याचं तर वेगळंच, शिप जसजशी जाते तसतसं त्याचं घड्याळ पण बदलतं. आता बऱ्याच शिपवर स्टारलिंक आलंय म्हणून नेट बरं मिळतं, आधी तो बंदराला लागला की फुकटचं वायफाय शोधत फिरायचा आणि आम्हाला एकदम चाळीस मेसेज यायचे, त्यातले तीस कालबाह्य.

आमचं ठरलं ते असं: महिन्याचा पहिला रविवार, गोव्याचे रात्री ९. जो येईल तो येईल, न आलेल्याला कारण विचारायचं नाही. हा दुसरा नियम पहिल्यापेक्षा महत्त्वाचा. कारण विचारायला लागलात की तो कॉल ड्युटी होतो. व्हॉट्सॲपवर ३२ जण एकत्र येऊ शकतात, पाच जणांना पुरे. झूम फुकटात ४० मिनिटांनी बंद पडतं, गूगल मीट एका तासाने. स्काइपवर अजून कोणी जुने असतील तर ते मे २०२५ मध्येच बंद झालं. आम्हाला झूमचे ४० मिनिटंच बरे वाटायला लागले, कारण कोणालातरी 'चला मग' म्हणावं लागत नाही, यंत्रच म्हणतं.

कॉलवर समोरासमोर बसून एकमेकांची तोंडं बघत राहू नका. कोणी मासे साफ करतंय, कोणी कपडे घडी करतंय, असा कॉल जास्त टिकतो. टिपरवाला फोन खिडकीत ठेवून नारळ सोलायचा. आम्ही अर्धा वेळ नुसतं ते बघायचो.

चवथ

सगळ्यात अवघड दिवस हाच. रजा मिळत नाही आणि मिळाली तरी तिकिटाचे भाव बघून माणूस परत झोपतो. त्यात घरच्यांचा व्हिडिओ कॉल येतो तो आरतीच्या गडबडीत, फोन कोणाच्यातरी हातात, तुम्हाला दिसतो तो फॅन आणि मामाचा खांदा.

आम्ही तीन वर्षं धडपडून जे शिकलो ते सांगतो. घुमट आरती, म्हणजे घुमट या मातीच्या वाद्याच्या साथीने म्हणतात ती आरती, व्हिडिओ कॉलवर ऐकायची तर एक अडचण येते जी कोणी सांगत नाही. फोनमधली आणि ॲपमधली सिस्टीम माणसाचा आवाज ठेवते आणि बाकीचा 'गोंगाट' कापते. आणि तिच्या हिशोबाने घुमट, शामेळ हा ढोल आणि कासाळें ही झांज म्हणजे शुद्ध गोंगाट. पहिल्या वर्षी मी रूमवर हेडफोन घालून बसलो तर नुसते तोंडं उघडणारे लोक, मध्येच एखादा शब्द, आणि घुमट गायब, म्हणजे पाण्याखालनं ऐकल्यासारखं. २०१९ ला सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य केलं, पण फोनला ते कळवलं नसावं. दुसऱ्या वर्षी स्विंडनवाल्याने शोधून काढलं की झूमच्या ऑडिओ सेटिंगमध्ये 'ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स' असं काहीतरी असतं, ते सुरू केलं की ते काटछाट बंद होतं. टिपरवाल्याच्या पुतण्याने लॅपटॉपवर लावलं. आवाज आला, पण आता इतका की कान फुटायची पाळी, कारण लॅपटॉप घुमटवाल्याच्या मांडीशी. तिसऱ्या वर्षी लॅपटॉप दहा फुटांवर खिडकीत ठेवला, झांजवाल्याला पलीकडच्या बाजूला बसवला, आणि तेव्हा कुठे घुमटाचा तो पोटातनं येणारा आवाज मला जेबेल अलीत ऐकू आला. रूमवरचा केरळचा पोरगा पण उठून बसला.

सोबत म्हणायचा मोह मात्र टाळा. आवाज पोचायला अर्धा-पाऊण सेकंद लागतो, इकडनं तिकडे आणि तिकडनं परत, त्यामुळे सगळे एकत्र म्हणायला लागले की आरतीची खिचडी होते. घरचे संपवून कापूर लावतात तेव्हा टोरांटोवाली अजून शेवटच्या कडव्यात. बाकी सगळ्यांनी म्यूट करून आपापल्या जागी म्हणा, कोणाला ऐकू येत नाही, देवाला येत असेल.

आणि लांबच्याला काम द्या, किंवा लांब असाल तर काम मागून घ्या. नुसतं बघत बसलेला माणूस रडतो. मी माटोळीची, म्हणजे गणपतीच्या वर फळं-पानं बांधतात त्या चौकटीची, यादी करायला लागलो. रानातलं काय काय बांधायचं, कांगलां, घागऱ्या, माट्टी, तोरंजन, चिबूड, सुपारीचं शिपटं, आणि कुठलं कोणाच्या कुळागरात मिळेल ते आईला विचारून मी ग्रुपवर टाकायचो, टिपरवाला आणायचा आणि फोटो पाठवायचा. एकदा त्याने घागऱ्या विसरल्या आणि मी दुबईतनं त्याला झापला. त्या झापण्यात मला चवथ मिळाली.

हात जोडलेली इमोजी

हे लिहावं की नाही विचार करत होतो. २०२१ मध्ये टिपरवाल्याचे बाबा गेले. ग्रुपवर बातमी आली तेव्हा मी ड्युटीवर होतो. हात जोडलेली इमोजी टाकली आणि मनात म्हटलं, रात्री फोन करतो. रात्री वाटलं आता घरात गर्दी असेल, उद्या. उद्या वाटलं विधी चालू असतील. मग दहा दिवस झाले आणि मग काय बोलणार. गेलो तेव्हा, म्हणजे पुढच्या वर्षी सुट्टीवर, तो नेहमीसारखाच होता, चहा झाला, हसलो, आणि निघताना त्याने फोन काढून त्या दिवसाचं ग्रुपचं पान दाखवलं. एकाखाली एक हात. काही बोलला नाही, परत खिशात ठेवला.

म्हणून याबाबतीत नियम सरळ: कोणाच्या घरी माणूस गेलं तर इमोजी नाही, त्याच दिवशी फोन. नाही उचलला तर नाही उचलला, मिस्ड कॉल दिसतो. काय बोलू सुचत नसेल तर 'सुचत नाही रे' एवढंच बोला. आणि दुसरा फोन तेराव्यानंतरच्या आठवड्यात करा, पाहुणे गेलेले असतात आणि घरात भांड्यांचा आवाज पण मोठा वाटतो तेव्हा. लग्न, बाळ, घराची वास्तुशांत यांना पण जमलं तर फोनच, पण तिथे चुकलात तर माफी आहे.

पैसे, व्हिजा आणि पार्सल

परदेशात गेलात की कोणीतरी पैसे मागणार आणि कोणीतरी म्हणणार, माझं पण बघ रे तिथे. दोन्हीला पहिल्याच दिवशी स्पष्ट उत्तर द्या. 'बघतो' म्हणून टांगत ठेवलेला मित्र हा नाही म्हटलेल्या मित्रापेक्षा लवकर तुटतो. देणार असाल तर परत नाही आले तरी चालतील एवढेच द्या. नोकरीचं विचारलं तर एवढं करता येतं की एजंट रजिस्टर्ड आहे का ते परराष्ट्र खात्याच्या ई-मायग्रेट पोर्टलवर बघायला शिकवा, आणि सांगा की एजंटला घ्यायची कायद्याने कमाल फी ३० हजार अधिक जीएसटी आहे. कोणी दोन लाख मागत असेल तर तिथेच उठा. पणजीला एनआरआय कमिशनरचं ऑफिस पण आहे, अडचणीत तिकडे जाता येतं.

पार्सलचं थोडक्यात. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या बॅगेत वजन लादू नका, आमच्यात प्रत्येकाला एक किलो असा अलिखित कोटा आहे. सुकं खोबरं विमानात नेऊ देत नाहीत, त्यात तेल असतं आणि ते पेट घेणारं म्हणून धरतात, मोपाच्या विमानतळावर किती आयांची खोबऱ्याची पिशवी काढून घेतलीय. इंग्लंडला मांस आणि दुधाचे पदार्थ नेऊ नका, म्हणजे पेढे पण नाही. परत येताना गल्फच्या बॅगेत टँग आणि टायगर बाम आणायचा रिवाज आहे तो चालू द्या, नाहीतर आजी बोलेल, पण दोस्ताला काहीतरी असं आणा जे त्याने कधीतरी बोलता बोलता सांगितलेलं. टिपरवाल्याला मी एका विशिष्ट मापाचा पान्याचा सेट नेला. किंमत काहीच नाही. त्याने तो अजून कोणाला वापरायला दिलेला नाही.

तिथे पण माणसं शोधा

फक्त गोव्यालाच धरून बसलात तर गोवा पण वैतागतो. रोज रात्री दोन तास घरी आणि दोस्तांना व्हिडिओ कॉल करणारा माणूस मी बघितलाय, तीन वर्षांत त्याला शेजारच्या बिल्डिंगमधलं कोणी ओळखत नव्हतं. मराठी मंडळं जवळजवळ सगळीकडे आहेत, लंडनचं महाराष्ट्र मंडळ तर १९३२ चं, अमेरिका-कॅनडाकडे बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून. जा. पण एक सांगतो, तिथे पुण्या-मुंबईचं जास्त असतं आणि आपलं हेलकाव्याचं मराठी ऐकून 'तुम्ही कोकणातले का' विचारतात. रागवायचं नाही. आपण घरी कोकणी बोलतो आणि मराठी वाचतो-लिहितो हे समजावायला पाच मिनिटं लागतात, पाच मिनिटं द्या. स्विंडनवाल्याचं तर सगळं जमलं ते तिथल्या ख्रिस्ती गोंयकारांत. डिचोलीत भजनाला बसणारा हा माणूस तिथे तियात्राची, म्हणजे ख्रिस्ती लोकांच्या कोकणी नाटकाची, तिकिटं विकतो. इथे असता तर राजभाषा कोकणी की मराठी यावरनं त्यांच्याशी वाद घातला असता, तिथे वाद घालायला सुद्धा गोव्याचा माणूस लागतो ना.

सुट्टीवर येताना

२०-२५ दिवसांची सुट्टी, त्यातले पंधरा नातेवाइकांत जातात. दोस्तांना 'भेटू रे' न म्हणता दिवस ठरवूनच निघा, आणि त्यांना हॉटेलात बोलावून बिल भरायची हौस करू नका, जिथे आधी बसायचा तिथेच बसा, भाजी-पाव खा, बिल नेहमी जो भरायचा त्याला भरू द्या. पहिल्या दिवशी 'आमच्याकडे असं नसतं' हे वाक्य तोंडातनं निघालं तर जीभ चावा. 'आमच्याकडे' म्हणजे कुठे, असं टिपरवाल्याने मला एकदा विचारलेलं. मला उत्तर आलं नाही.

आणि विमानतळावर घ्यायला बोलावणार असाल तर तिकीट नीट वाचा. जानेवारी २०२३ पासून गोव्यात दोन विमानतळ आहेत, दाबोळीचा कोड जीओआय आणि मोपाचा जीओएक्स, आणि बुकिंग करताना नुसतं 'गोवा' बघून माणूस क्लिक करतो. मी ग्रुपवर लिहिलं, पहाटे ४ ला गोवा, ये. टिपरवाला एवढ्या रात्री दाबोळीला जाऊन उभा, हातात पोराच्या वहीतलं पान, त्याच्यावर माझं टोपणनाव, आणि मी मोपाला बाहेर येऊन त्याला शोधतोय. मोपावरनं डिचोली किती जवळ. तो मला घ्यायला अख्खा गोवा ओलांडून आला, सकाळ झालेली, रस्ताभर एक शब्द बोलला नाही, आणि अस्नोड्याला गाडी थांबवून म्हणाला, 'चाय तूं दी.' तेवढं मात्र तुम्हीच द्या.